पहिली तुकड्यांची गोधडी: चौकोन कापण्यापासून मगजीपर्यंत

पहिली गोधडी डबल बेडची करायला घेऊ नका. चांदण्या, कमळं, षटकोन यांच्याही वाटेला इतक्यात जाऊ नका. नुसते चौकोन, एक फिकी छटा, एक गडद छटा, आणि बाळाचं दुपटं किंवा म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवरचं पांघरूण होईल एवढाच आकार. ऐकायला हे कंटाळवाणं वाटेल. पण या एवढ्याशा कामात तुम्ही तीच छोटी शिवण ७० वेळा घालता आणि नंतर ९ लांब शिवणी. ब्लाउज शिवताना हात चुकला तर ब्लाउज जातो. इथे पहिल्या ओळीत जमलं नाही ते चौथ्या ओळीत जमलेलं दिसतं. शिवण सुधारायची असेल तर मला तरी याहून स्वस्त शिकवणी ठाऊक नाही.

आपल्या जुन्या गोधडीत, आणि कोल्हापूर-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात तिच्यातही, लुगड्यांचे थर अंथरून त्यांवर धावदोरा घालतात. वरचे तुकडे मोजूनमापून कापलेले नसतात. जे उरलं ते बसवायचं, फाटलं तिथे ठिगळ लावायचं. मोजून कापा, इस्त्री करा, कोपऱ्याला कोपरा भिडवा, ही शिस्त पाश्चात्त्य क्विल्टिंगची. पुढे वरचा पदर, म्हणजे चौकोन जोडून होणारा वरचा थर, त्या शिस्तीने करायचा आहे आणि टाका आपल्या घरचा घालायचा आहे. माझ्या मते नवशिक्याला हीच सांगड सगळ्यात सोपी जाते.

आपलं माप असं: ५ इंचांचे ८० चौकोन, ४० फिके आणि ४० गडद. आडवे ८, उभे १०. शिवून झाल्यावर प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा दिसेल आणि गोधडी साधारण ३६ बाय ४५ इंचांची होईल.

१. सामान गोळा करा

- फिकं सुती कापड पाऊण मीटर आणि गडद सुती कापड पाऊण मीटर (४४ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं), किंवा घरातले जुने सुती कपडे
- अस्तराला दीड मीटर सुती कापड
- मधल्या थरासाठी एक जुनी मऊ सुती साडी
- मगजीला, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीला, अर्धा वार कापड
- शिवणाचा सुती दोरा, राखाडी किंवा फिका बदामी. हे रंग फिक्या आणि गडद, दोन्ही कापडांवर खपून जातात
- धावदोऱ्यासाठी भरतकामाचा सहापदरी दोरा, तीन-चार लड्या
- मशीनची १४ नंबरची नवी सुई, आणि हातशिलाईच्या लांब नेढ्याच्या सुया
- टाचण्या, टेलरचा खडू, धारदार कात्री, सीम रिपर (शिवण उसवायला), अंगुस्तान (बोटात घालायची टोपी)
- सूत दाखवणारी पट्टी

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंच म्हणजे दोन सूत. सुताराकडे असते तशी पट्टी असली तर फार सोय होते, कारण नुसत्या सेंटिमीटरच्या पट्टीवर पाव इंच अंदाजानेच धरावा लागतो, आणि सगळा घोळ त्या अंदाजातच होतो.

रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर, आणि त्याची चटई आता मिळते. हौस असेल तर घ्या, पण पहिल्या गोधडीला त्यांच्यावाचून काही अडत नाही. खर्च करायचाच असेल तर आधी चांगली कात्री घ्या, आणि ती घरात कुणालाही कागद कापायला देऊ नका.

२. कापडाची परीक्षा घ्या

सगळं कापड सुतीच हवं. टेरिकॉट, जॉर्जेट, सिंथेटिक ओढणी यांचा मोह टाळा. त्यांना इस्त्रीची घडी धरत नाही, आणि सुती चौकोनाशेजारी ती सरकत राहतात. कापड खरंच सुती आहे का, असा प्रश्न पडला तर कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि वाटीवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. सिंथेटिक धागा वितळतो आणि गार झाल्यावर त्याची कडक गुठळी उरते. दोन्हींच्या मध्ये काही दिसलं तर ते मिश्र कापड.

जुनं कापड वापरत असाल तर ते उजेडात धरून बघा. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून जरा ताणा. ‘चर्र’ आवाज आला की ते कापड बाद. साडीचा कमरेला खोचलेला भाग आणि जमिनीला घासणारा काठ आधी विरतो, पण फॉलखालचं कापड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. विरलेलं कापड फेकू नका. वरच्या पदरात त्याला जागा नाही, मधल्या थरात मात्र ते उत्तम.

सगळ्या तुकड्यांची जाडी सारखी असू द्या. जीन्स आणि मलमल एकाच गोधडीत शेजारी आले तर दोन-चार धुण्यांत मलमल जीन्सच्या शिवणीपाशी फाटते.

३. कापण्याआधी धुवा

हा टप्पा गाळावासा वाटतो, कारण नव्या कापडाची कांजी निघून गेली की ते कापायला त्रासदायक होतं. तरी गाळू नका. जुनी साडी आधीच आटलेली असते, नवं मांजरपाट अजून आटायचं असतं. दोन्ही एकत्र शिवून धुतलं की नवं आवळतं, जुन्याला सुरकुत्या पडतात आणि गोधडी एका अंगाला ओढली जाते. पांढरं अस्तर आणि लाल चौकोन अशी जोडी असेल तर दुसरा धोका रंगाचा. ओला पांढरा फडका लाल, मरून, निळ्या कापडावर घासून बघा. रंग फडक्यावर आला तर फडका स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज सोडून द्या. एकदा रंगवलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. रंग जातच राहिला तर ते कापड गोधडीत घेऊ नका.

वाळल्यावर हवी तर हलकी कांजी द्या आणि इस्त्री करा.

४. कापा, पण आधी धागा ओळखा

काठाला समांतर जाणारा उभा धागा सगळ्यात कमी ताणला जातो. आडवा थोडा ताणला जातो. तिरकं ओढलं की कापड रबरासारखं लांबतं, त्याला उरेब म्हणतात. चौकोनाच्या चारही बाजू उभ्या-आडव्या धाग्यावरच यायला हव्यात. चौकोन जरा तिरका कापला गेला तर टेबलावर कळत नाही, शिवताना कळतं: एक बाजू उगाचच लांब निघते.

यावर टेलर लोकांचा साधा उपाय आहे. कडेला कात्रीने छोटी चीर द्या आणि सुती कापड सरळ फाडा. फाट धाग्यावरच जाते. ती कड प्रमाण धरून ५ इंच रुंदीच्या पट्ट्या आखा. ४४ इंची पन्ह्यातून एका पट्टीत ८ चौकोन बसतात, म्हणून प्रत्येक रंगाच्या ५ पट्ट्या पुरतात.

आखायला साचा करा. पुठ्ठ्याचा साचा दहा-पंधरा चौकोनांनंतर कडेला झिजतो आणि चौकोन नकळत लहान-मोठे व्हायला लागतात. जुन्या एक्स-रेची फिल्म कापून केलेला साचा झिजत नाही, शिवाय त्यातून खालची नक्षी दिसते. आणखी एक खबरदारी: नवा चौकोन आखताना आधी कापलेला चौकोन साचा म्हणून वापरू नका. खडूची रेघ दर वेळी किंचित बाहेर जाते आणि विसावा चौकोन पहिल्यापेक्षा दोन सूत मोठा निघतो.

५. पाव इंचाची शिवण पक्की करा

चौकोन जोडायच्या आधी एक अख्खी दुपार या टप्प्याला द्या. गोधडी सरळ होणार की वाकडी, ते इथेच ठरतं.

कपडे शिवताना आपण अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, सोडतो, कारण पुढेमागे कपडा सैल करावा लागतो. गोधडी कुणी सैल करत नाही. इथे माया दोन सूत, आणि ती सगळीकडे सारखी हवी. हिशोब करून बघा. दोन सुतांऐवजी अडीच सूत माया घेतली, तर शिवणीच्या दोन्ही बाजूंचं मिळून एक सूत जास्त खाल्लं जातं. आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी, म्हणजे ओळ सात सुतांनी, जवळजवळ एका इंचाने तोकडी. पुढच्या ओळीला माया बरोबर पडली तर या दोन ओळी एकमेकींना कशा भिडणार? मग माणूस ओढाताण करून कोपरे जुळवतो आणि गोधडी मध्येच फुगते.

मशीनच्या फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) कड म्हणजे पाव इंच असं गृहीत धरू नका. बहुतेक घरगुती मशीनवर ती जास्त असते. पट्टी फूटखाली ठेवा, चाक हाताने फिरवून सुई बरोबर दोन सुतांच्या रेघेवर उतरवा आणि पट्टीची उजवी कड जिथे येते तिथे मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टीचे तीन-चार थर चिकटवा. ही तुमची भिंत. शिवताना नजर सुईवर नको, या भिंतीवर ठेवा. सुईकडे बघत शिवणाऱ्याची शिवण नागमोडी जाते, हे कुठल्याही शिवणवर्गात दिसेल.

आता परीक्षा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर १ इंच आली पाहिजे. कमी आली तर माया जास्त जातेय, म्हणून चिकटपट्टी सुईकडे सरकवा. जास्त आली तर दूर सरकवा. केसभर फरकासाठीही परत करा. या चिंध्या वाया गेल्या असं समजू नका.

त्याच चिंध्यांवर टाकाही तपासा. इंचाला दहा ते बारा टाके ठेवा. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं तर सगळे बॉबिनला दोष देतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट वर उचलून दोरा नव्याने ओवा. फूट खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. बॉबिनचा ताण बघायचा असेल तर बॉबिन केस तिच्याच दोऱ्याला धरून लटकवा. ती जागेवर राहायला हवी आणि हलका झटका दिल्यावर थोडीशीच खाली यायला हवी. सरसर घसरली तर स्क्रू पाव फेरा आवळा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

६. मांडणी करून फोटो काढा

चौकोन पलंगावर मांडा. फिका, गडद, फिका, गडद. दुसरी ओळ गडदने सुरू करा. छापील कापडांत फिकं कुठलं आणि गडद कुठलं हे डोळ्याला फसवतं, विशेषतः लाल आणि हिरवा शेजारी आले की. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. ज्या चौकोनाची जागा चुकली असेल तो लगेच उठून दिसतो. मग प्रत्येक ओळ डावीकडून उचलून गठ्ठा करा आणि वर ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचा. लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर हे काम एका बैठकीत उरका.

७. जोडा आणि इस्त्री करा

सुलटी बाजू सुलटीवर ठेवून दोन-दोन चौकोन शिवा. प्रत्येक जोडीनंतर दोरा तोडू नका. दोन टाके रिकामे जाऊ द्या आणि पुढची जोडी सरकवा. जोड्यांची माळ तयार होते, मग कात्रीने सुट्या करा. दोरा वाचतो आणि सुरुवातीला दोरा गुंतून होणारा गोळाही टळतो.

शिवण झाली की माया उलगडून पसरवू नका, ती एका बाजूला पाडा, गडद चौकोनाकडे. गडद कापडाखाली माया दिसत नाही हा एक फायदा. खरा फायदा पुढे आहे. फिका-गडद अशी बुद्धिबळाच्या पटाची मांडणी असल्यामुळे शेजारच्या ओळींमधल्या माया आपोआप उलट दिशांना पडतात. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की त्या माया एकमेकींत अडकून बसतात. बोटांनी चाचपलं तर जोड बसल्याचं कळतं. तिथे टाचणी लावा आणि शिवा, कोपऱ्याला कोपरा बरोबर भिडतो. तुमची मांडणी रंगीबेरंगी असेल तर एका ओळीच्या सगळ्या माया डावीकडे, पुढच्या ओळीच्या उजवीकडे, असा नियम ठेवा.

इस्त्री दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. शर्टावर फिरवतो तशी फिरवली की चौकोनाचा शंकरपाळा होतो. वाफ बेताने वापरा.

पूर्ण वरचा पदर साधारण साडेछत्तीस बाय साडेपंचेचाळीस इंचांचा यायला हवा. दोन-चार सुतांचा फरक चालतो. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे असले म्हणजे काटकोन साधला. एखादा कोपरा दोन सुतांहून जास्त सरकला असेल तर तेवढीच शिवण उसवून परत घाला. अर्ध्या सुताच्या चुकीसाठी मात्र उसवू नका, धावदोरा पडल्यावर ती कुणालाही सापडणार नाही.

८. थर लावा

अस्तर आणि मधला थर वरच्या पदरापेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठे ठेवा, म्हणजे ४० बाय ४९ च्या आसपास. साडेपाच मीटरच्या साडीतून एवढे चार थर निघतात. दोन थरच घ्या. चार थरांची गोधडी ऊबदार होते, पण नव्या हाताला सुई खेचताना बोटं सोलून निघतात. साडीचे जाड काठ कापून टाका. काठ जरीचे असतील तर नक्कीच, कारण तिथे सुई अडते.

अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर अंथरा. ताठ असावं, पण ताणलेलं नको. कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. त्यावर साडीचे थर, हाताने मधून कडेकडे सपाट करत. वर चौकोनांचा पदर. आता लांब सुईने मोठमोठा कच्चा टाका घाला, मधून बाहेर, चार-चार बोटांवर, आधी उभा आणि मग आडवा. इथे कंटाळा केला तर पुढे अस्तराला चुण्या पडतात, आणि त्या कळतात तेव्हा अर्धी गोधडी शिवून झालेली असते.

९. धावदोरा

सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या. लांबी हातभरच असू द्या. लांब दोरा घेतला की ओवण्याची वेळ वाचते असं वाटतं, पण तो पिळतो, गुंततो आणि थरांतून शंभरदा ओढला गेल्यामुळे विरतो. गाठ मारून सुई टाका सुरू करायच्या जागेपासून इंचभर लांब वरून आत घाला, हव्या जागी बाहेर काढा आणि दोऱ्याला हलका हिसका द्या. गाठ आत जाऊन लपते.

जुनी रीत म्हणजे बाहेरच्या कडेने सुरुवात करून चौकटीत चौकट घालत मध्यापर्यंत यायचं. कोपऱ्यावर गोधडी फिरवायची आणि पुढे जायचं. ओळींमध्ये सध्या दोन बोटं अंतर ठेवा. जाणत्या बायका बोटभर, कधी त्याहून कमी ठेवतात आणि त्या दाटीनेच जुन्या गोधड्या वर्षानुवर्षं टिकतात. पाश्चात्त्य रीत याच्या उलट, मधून बाहेर, म्हणजे सुरकुती बाहेर ढकलली जाते. कडेकडून आत यायचं तर सुरकुतीला पळायला वाट नसते, म्हणूनच मागच्या टप्प्यात कच्च्या टाक्याबद्दल इतका आग्रह धरला.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघायला मिळाली तर जरूर बघा. पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांशी या समाजाचा इतिहास जोडलेला आहे आणि त्यातले बरेच जण कोकणी बोलतात. या बायका वरचा पदर वेगळा जोडतच नाहीत. कडेपासून सुरुवात करून तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची आणि धावदोऱ्याने थेट थरांवर बसवत मध्याकडे जायचं. कडा आधीच दुमडलेल्या, त्यामुळे मगजी नाही. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. मोजपट्टीशिवाय इतकं नेटकं काम होतं हे बघितलं की वर सांगितलेल्या सूत-इंचांच्या शिस्तीकडेही जरा सैल नजरेने बघता येतं.

टाका किती बारीक, याची चिंता सोडा. इंचात चार-पाच टाके पुष्कळ झाले. टाका आणि मोकळी जागा मात्र सारखी हवी. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, खालचा हात गोधडीखाली ठेवा. सुई सरळ खाली, खालच्या बोटाला टोक जाणवलं की लगेच वर, असं करत सुईवर तीन-चार टाके भरा आणि एकदम ओढा. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं नाही तर टाका अस्तरापर्यंत पोचलेला नाही. दर ओळीनंतर गोधडी उलटी करून बघा.

मशीनवर धावदोरा घालायचा असेल तर टाका ३ मिलिमीटरचा करा, फूटचा दाब कमी करा आणि सरळ रेघांवर समाधान माना. चौकटी फिरवताना अख्खी गोधडी मशीनच्या मानेखालून वळवावी लागते, ते पहिल्याच वेळी नको.

१०. मगजी

अस्तर आणि थर वरच्या पदराच्या कडेला कापून सारखे करा. मगजीला अडीच इंच रुंदीच्या ५ पट्ट्या आडव्या धाग्यावर कापा. परीघ १६४ इंचांच्या आसपास भरतो. ४ पट्ट्या जेमतेम पुरतील असं वाटतं, जोडांत माया गेली की त्या कमी पडतात. बाजारातली तयार उरेब पट्टी सरळ कडेला लावू नका, ती ताणली जाते आणि कड लाटेसारखी होते. उरेब गोल कडांसाठी.

पट्ट्यांची टोकं काटकोनात एकमेकांवर ठेवून तिरकी शिवण घाला, म्हणजे जोडाचा जाडपणा एका जागी साचत नाही. मग लांबीत दुमडून इस्त्री करा. दुमडलेल्या पट्टीची उघडी कड गोधडीच्या सुलट्या बाजूच्या कडेवर ठेवा आणि दोन सूत मायेने शिवा. सुरुवात बाजूच्या मध्यावर करा, कोपऱ्यावर नाही, आणि पहिलं वीतभर टोक न शिवता मोकळं सोडा.

कोपरा येण्याआधी दोन सुतांवर थांबा, टाका पक्का करा, दोरा तोडा. पट्टी सरळ वर, गोधडीपासून दूर दुमडा. तिरकी घडी पडेल. ती घडी बोटाने धरून पट्टी पुन्हा खाली पुढच्या कडेवर आणा. वरची घडी गोधडीच्या कडेशी सारखी आली की कडेपासूनच पुढची शिवण सुरू करा. कागदाच्या पट्टीवर एकदा करून बघितलं की हाताला कळतं. शेवटी दोन्ही टोकं तशाच तिरक्या शिवणीने जोडा, पट्टी उलट बाजूला वळवा आणि मशीनची शिवण झाकेल अशी ठेवून हाताने बारीक हेमिंग करा. कोपऱ्यावरची घडी दोन टाक्यांनी बंद करा.

११. धुणं आणि ठेवणं

कच्चे टाके काढा. पहिलं धुणं गार पाण्यात, सौम्य साबणाने, एकटीच. पिळू नका. ओली गोधडी एका दोरीवर लटकवली तर सगळा भार मधल्या टाक्यांवर येतो, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर आडवी टाका, सावलीत. पावसाळ्यात शक्यतो धुऊच नका. मधले थर आतून ओले राहतात आणि कुबट वास लागतो. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घाला आणि मधूनमधून घडी बदला.